नवा कोरा पीसी मधूनच कोसळतोय? आधी रॅमच्या वेगाकडे बघा

महिनाभर व्हिडिओ बघून, दहा ठिकाणी भाव काढून, एकेक पार्ट जमवून घरी जोडलेला पीसी पहिल्याच झटक्यात सुरू होतो. विंडोज पडतं, कॅबिनेटमधले दिवे लागतात, फोटो स्टेटसला जातो. चार दिवस सगळं झकास. पाचव्या दिवशी गेम खेळता खेळता माणूस थेट डेस्कटॉपवर येऊन आदळतो. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. दोन दिवसांनी निळी स्क्रीन. मग एखादी मोठी झिप फाइल उघडताना 'सीआरसी एरर' येतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की बिनबोभाट उघडते. ब्राउझरचा एखादा टॅब उगाचच कोसळतो.

अशा वेळी पहिला संशय जातो ग्राफिक्स कार्डवर, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेलेले असतात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले जातात. विंडोज फॉरमॅट होतं. एसएमपीएस बदलायची भाषा सुरू होते. रॅमकडे मात्र कुणी बघत नाही. ती नवीन आहे, नावाजलेल्या कंपनीची आहे, डब्यावर ६००० लिहिलंय आणि बायोसमध्ये दाखवतेय पण ६००० च.

गोम नेमकी त्या ६००० मध्ये असू शकते.

डब्यावरचा आकडा कुणाचा असतो?

रॅमचे नियम 'जेडेक' नावाची संस्था ठरवते. डीडीआर५ चं मानक या संस्थेनं जुलै २०२० मध्ये जाहीर केलं. २०२१ च्या शेवटी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हा त्यांच्यासाठी कंपनीनं अधिकृतपणे सांगितलेला वेग होता ४८००. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी तो ५२०० आहे आणि रायझन ९००० साठी ५६००. म्हणजे दुकानात सर्रास मिळणारी ६००० ची रॅम ही प्रोसेसर कंपनीनं दिलेल्या हमीच्या वरची आहे.

मग ती ६००० वर चालते कशी? रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात वेगाच्या याद्या लिहिलेल्या असतात. एक यादी जेडेकच्या नियमाप्रमाणे, सावकाश आणि सुरक्षित. दुसरी रॅम बनवणाऱ्या कंपनीची, जास्त वेगाची. या दुसऱ्या यादीला इंटेलच्या दुनियेत एक्सएमपी म्हणतात, ती २००७ पासून आहे. एएमडीनं २०२२ मध्ये स्वतःची आणली, तिचं नाव एक्स्पो. बायोसमध्ये जाऊन हे प्रोफाइल चालू केलं की वेग वाढतो आणि रॅमला मिळणारा विजेचा दाबही वाढतो. डीडीआर५ चा मूळ दाब १.१ व्होल्ट. प्रोफाइल लावल्यावर तो साधारण १.२५ ते १.४ च्या घरात जातो.

एका क्लिकमध्ये होत असलं तरी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. रॅमच्या कंपनीनं आपली स्टिक त्या वेगाला तपासलेली असते, यात फसवणूक काही नाही. पण त्या वेगाला तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि तुमचा मदरबोर्ड टिकेल का, हे त्या कंपनीनं पाहिलेलं नसतं. एकाच बाजूची पत्रिका बघून लग्न ठरवण्यासारखा हा प्रकार. बहुतेक वेळा संसार नीट चालतो. चालला नाही, की दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो.

जाता जाता एक गोंधळ मिटवून टाकू. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये रॅमचा वेग ३००० मेगाहर्ट्झ दिसला की पुष्कळ जणांना आपण फसलो असं वाटतं. तसं नाही. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवणारी रॅम. घड्याळ ३००० चं आणि फेऱ्या ६०००. डब्यावर फेऱ्यांचा आकडा असतो. मात्र २४०० दिसत असेल, तर प्रोफाइल चालूच केलेलं नाही आणि रॅम ४८०० वर चालतेय. अशा पीसीत क्रॅश होत असतील, तर ते वेगापायी नाहीत, एवढं तरी लगेच कळतं.

इतकं नाजूक काय आहे त्यात?

६००० चा वेग म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. प्रत्येक बिटच्या वाट्याला येणारा वेळ आहे १६७ पिकोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश मोकळ्या हवेत जेमतेम ५ सेंटीमीटर जातो आणि मदरबोर्डच्या तारेतला सिग्नल त्याच्या निम्मंच अंतर कापतो. म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंत पहिला बिट पोहोचायच्या आत दुसरा निघालेला असतो. असे कित्येक बिट शेजारशेजारच्या तारांवरून एकाच वेळी धावत असतात आणि समोरच्यानं प्रत्येकाला नेमक्या क्षणी ओळखायचं असतं. क्षण थोडा चुकला, सिग्नल थोडा फिका पडला, की १ चा ० वाचला जातो.

हे जमावं म्हणून पीसी सुरू होताना मदरबोर्ड रॅमबरोबर तालीम करतो. कोणत्या तारेवर किती उशिरा ऐकायचं, सिग्नल किती जोरात पाठवायचा, याचे हजारो प्रयोग होतात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. नवा पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डवर, काही मिनिटं काळी स्क्रीन दिसते ती यामुळेच. तेव्हा घाबरून स्विच बंद करायचा नाही. पंखे फिरताहेत ना, मग चहा करून या.

दुसरी नाजूक बाजू रॅमच्या आत आहे. तिथे प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. तळाला भोक पडलेल्या माठासारखं आहे हे, पाणी संपायच्या आत पुन्हा भरायचं. डीडीआर५ मध्ये प्रत्येक घर दर ३२ मिलिसेकंदांत एकदा भरून घेतलं जातं. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यामुळे सकाळी नीट चालणारा पीसी दुपारी ग्राफिक्स कार्ड तापल्यावर कोसळू शकतो.

'माप'चा 'बाप' कसा होतो?

एक बिट बदलल्यानं असं काय बिघडतं? देवनागरीतलंच उदाहरण घेऊ. युनिकोडमध्ये 'म' आणि 'ब' या दोन अक्षरांच्या आकड्यांत फक्त एका बिटचा फरक आहे. तेवढा एक उलटला की 'माप'चा 'बाप' होतो. मराठी अंकांतले १ आणि ९ सुद्धा एकाच बिटच्या अंतरावर आहेत. एखाद्या हिशेबाच्या फाइलमध्ये १,००० चे ९,००० झाले, तर पीसी ना कोसळणार, ना निळी स्क्रीन दाखवणार. फाइल मुकाट सेव्ह होणार.

म्हणून क्रॅश होणारा पीसी हा खरं तर बरा, निदान तो बोंबलून सांगतो. धोका असतो तो गपचूप होणाऱ्या चुकांचा. मुलांचे फोटो एका डिस्कवरून दुसरीकडे कॉपी करताना प्रत्येक बाइट रॅममधून जातो. तिथेच एखादा बिट उलटला, तर नव्या ठिकाणी खराब झालेला फोटो जातो आणि जुना पुसून टाकला की परत मिळवायला काही उरत नाही. बॅकअप घेतानाही हेच. चांगल्या बॅकअपवर खराब फाइल चढते आणि ते कळतं सहा महिन्यांनी.

हे नवशिक्यांनाच होतं असंही नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या मशीनवर ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रोग्राम वाटेल तिथे कोसळायला लागले. कर्नलच्या ६.१ आवृत्तीचं काम ऐन भरात होतं. शोधाअंती कारण निघालं रॅमची एक स्टिक. अडीच वर्षं ती व्यवस्थित चालली होती. बदली रॅम येईपर्यंत त्यांना लॅपटॉपवर काम ओढावं लागलं. त्यांच्या मशीनमध्ये चूक पकडणारी, म्हणजे ईसीसी रॅम नव्हती आणि यावरून त्यांनी उद्योगाला चार शब्द सुनावलेही. त्याआधी २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात दरवर्षी सुमारे ८ टक्के स्टिकमध्ये किमान एक चूक सापडली होती. ती रॅम आजच्यापेक्षा कितीतरी सावकाश होती आणि नेमून दिलेल्या वेगानंच चालवली जात होती.

'पण डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच ना?' असं बऱ्याच पोस्टमध्ये वाचायला मिळतं. अर्धसत्य आहे. डीडीआर५ च्या चिपच्या आत स्वतःपुरती चूक सुधारायची सोय असते. पण चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना बिट उलटला, तर ती सोय काही करू शकत नाही. जास्त वेगानं होणाऱ्या चुका तर या वाटेवरच होतात.

संशय कधी घ्यायचा?

लक्षणांत सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे त्यांची धरसोड. आज गेम, उद्या ब्राउझर, परवा विंडोजचा अपडेट. निळ्या स्क्रीनवर दर वेळी नवाच कोड: कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. एकच गेम ठरावीक जागी कोसळत असेल, तर दोष बहुधा त्या गेमचा किंवा ड्रायव्हरचा. सगळंच अधूनमधून कोसळत असेल, तर पायाकडे बघायला हवं. आणि तीच झिप फाइल एकदा खराब, एकदा चांगली निघत असेल, तर फार विचार करू नका. डिस्कवरची फाइल तीच आहे. बदलतेय ती मधली वाट.

पहिलं काम: प्रोफाइल बंद

संशय आला त्या दिवसापासून त्या पीसीवर महत्त्वाचं काही लिहायचं नाही. जुना बॅकअप बाहेर काढून बाजूला ठेवायचा आणि त्याच्यावर नवा चढवायचा नाही. विंडोज पुन्हा टाकायची घाईसुद्धा आता नको. डळमळीत रॅमवरून टाकलेलं विंडोज मुळातच तुटकं पडू शकतं आणि मग रॅम सुधारली तरी क्रॅश थांबत नाहीत. या चक्रात लोक महिनामहिना अडकतात.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करायचं. रॅम ४८०० किंवा ५६०० वर उतरेल. एवढ्या एका पायरीनं शोध अर्धा संपतो. क्रॅश थांबले, तर रॅम 'खराब' नाही, फक्त वेग झेपत नाही. क्रॅश चालूच राहिले, तर एखादी स्टिक, स्लॉट, प्रोसेसर किंवा भलताच पार्ट बिघडलेला आहे.

काही वेळा प्रोफाइल लावल्यावर पीसी चालूच होत नाही, बायोसपर्यंतही जाता येत नाही. तेव्हा सीएमओएस क्लिअर करावं लागतं. पीसीची वायर काढून मदरबोर्डवरच्या दोन पिना काही सेकंद जोडायच्या, किंवा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा. सगळ्या सेटिंग मूळ पदावर येतात.

मग एक रात्र टेस्टला

विंडोजमध्येच रॅम तपासायचं साधन असतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. वेगापायी होणाऱ्या बारीक चुका त्याच्या हातून बऱ्याचदा सुटतात. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस वापरावं. नावं सारखी असली, तरी दोन्ही वेगळी आहेत. पहिल्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांनंतर थांबते. दुसरं पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. पेन ड्राइव्हवरून चालवण्याचा मोठा फायदा म्हणजे विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे चाचणीत बिट उलटले तरी डिस्कवरचं काही बिघडत नाही.

आधी मूळ वेगाला, मग प्रोफाइल लावून. रात्री लावून झोपायचं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी दिसल्या, तर निकाल लागला. 'आठ तासांत एकच एरर आला, म्हणजे चालून जाईल' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. या परीक्षेत शंभरपैकी नव्याण्णव म्हणजे नापास.

मूळ वेगालाही एरर येत असतील, तर एकेक स्टिक तपासायची. आधी पहिली एकटीच लावून टेस्ट, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एकच स्टिक कुठेही लावली तरी नापास होत असेल, तर ती वॉरंटीत द्यायची. द्यायची ती मात्र जोडीनं, कारण किट म्हणून घेतलेल्या स्टिक एकत्र तपासून विकलेल्या असतात. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास होत असतील, तर दोष त्या बाजूच्या मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले असतील, तरी सॉकेटवरचा दाब असमान होतो आणि रॅमची एक बाजू गायब होते किंवा चुका करते. स्क्रू सैल करून तिरक्या जोडीनं थोडे थोडे, सारखे आवळावेत.

स्टिक काढल्याच आहेत, तर कोणत्या स्लॉटमध्ये होत्या तेही बघून घ्यावं. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक लावायच्या असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डच्या माहितीपुस्तकात ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या, तर तारेचा पुढचा रिकामा तुकडा उगाच लोंबकळत राहतो आणि त्यावरून सिग्नल परत उसळतो. ४८०० ला हे खपून जातं, ६००० ला नाही. स्टिक बसल्याचा 'खट्' आवाज दोन्ही टोकांना यायला हवा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासायची आपल्याकडची जुनी युक्ती इथे वापरायची गरज नाही. नव्या स्टिकवर गंज नसतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवंच दुखणं. डाग दिसलाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड.

मूळ वेगाला पास, प्रोफाइलला नापास

घरी जोडलेल्या पीसीत ही स्थिती नेहमी आढळते. पहिला उपाय बायोस अपडेट. ट्रेनिंग कसं करायचं हे बायोस ठरवतं आणि एएम५ बोर्डच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये ते बरंच कच्चं होतं. अपडेट करताना प्रोफाइल बंद ठेवायचं आणि पीसी यूपीएसवर असावा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची. अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं आणि नसली तर डिस्कवरचा डेटा कुलूपबंद राहतो. वेगापायी पीसी कोसळण्यापेक्षा हे दुखणं कितीतरी मोठं आहे.

अपडेटनं भागलं नाही, तर वेग एक पायरी खाली आणायचा. ६४०० ची असेल तर ६०००, ६००० ची असेल तर ५६००. इथे अनेकांचा जीव वरखाली होतो, 'पैसे मोजलेत ६००० चे!' पण थोडा हिशेब करू. ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंदांची वाट बघणं. ५६०० ला सीएल २८ लावलं, तरी ते १० नॅनोसेकंदच भरतं. फरक उरतो वहनक्षमतेत, तोही ७ टक्क्यांच्या आत. गेम खेळताना हा फरक डोळ्यांना दिसत नाही. निळी स्क्रीन दिसते.

एएमडी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एएम५ मध्ये मेमरी कंट्रोलर आणि रॅम सारख्या गतीनं चालले, तर उत्तम. ही जोडी साधारण ६००० पर्यंत आरामात टिकते. ६४०० ला प्रोसेसर कसा निघाला, यावर अवलंबून. त्याच्या पुढे कंट्रोलर निम्म्या गतीवर उतरतो. म्हणून ७२०० ची महाग रॅम रायझनसोबत घेणं म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकसाठी रेसिंग कार घेणं. रायझन ७००० येताना एएमडीनं स्वतः ६००० हाच योग्य मुक्काम असल्याचं सांगितलं होतं.

व्होल्टेज वाढवायचा सल्ला मात्र जपून घ्यावा. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो जगभर फिरले. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी नावाचं व्होल्टेज स्वतःहून नको तितकं चढवत होते. त्यानंतर एएमडीनं बायोसमधूनच त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे कुणी 'एसओसी वाढव, सगळं ठीक होईल' म्हणालं, तर आधी बायोस अद्ययावत आहे का बघा, आणि वाढवायचंच झालं तर शतांशाच्या पायऱ्यांनी, मर्यादेच्या आत. बऱ्याचदा उलटा उपाय लागू पडतो. बोर्डानं आपणहून चढवलेलं व्होल्टेज थोडं उतरवल्यावर चुका थांबतात.

पीसी दिवसभर नीट, पण सकाळी चालू करताना किंवा स्लीपमधून उठताना कोसळतो, असं असेल तर बायोसमधलं 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' बंद करून बघावं. पीसी लवकर सुरू व्हावा म्हणून ही सोय ट्रेनिंग टाळते आणि मागच्या वेळचीच मापं वापरते. मापं काठावरची असतील, तर गार पीसीला ती लागू पडत नाहीत. बंद केल्यावर सुरू व्हायला अर्धाएक मिनिट जास्त लागेल.

चार स्टिकचा मोह

दोन स्टिक छान चालताहेत, दोन स्लॉट रिकामे आहेत, मग तशाच आणखी दोन घेऊन टाकू. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव भडकल्यापासून तर जुनी रॅम न विकता तिच्यातच भर घालायचा विचार अनेकांच्या मनात येतो. डीडीआर३ च्या काळात हे चालून जायचं. डीडीआर५ मध्ये नाही. रायझन ७००० साठी दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार स्टिकचा फक्त ३६००. छापील चूक नव्हे, कंपनीच्याच तक्त्यातला आकडा आहे. एकेका तारेवर दोन दोन स्टिक लटकल्या की सिग्नल तेवढा गढूळ होतो.

त्यात दुसरी जोडी 'सेम मॉडेल' असली, तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. स्टिकर तेच ठेवून कंपन्या आतला माल बदलतात. मेमरी जास्त हवी असेल, तर जुनी जोडी काढून मोठ्या क्षमतेची दोनच स्टिकची जोडी घ्यावी, आणि घेण्याआधी ती आपल्या बोर्डच्या क्यूव्हीएल यादीत आहे का, हे मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर बघावं. चार आधीच बसवल्या असतील आणि पीसी डळमळत असेल, तर दोन काढून बघणं हीच पहिली चाचणी.

टेस्ट पास, तरी गेममध्ये कोसळतो

मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड गार बसलेलं असतं. गेममध्ये त्याची गरम हवा सरळ रॅमवर येते. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा दिसतो. घट्ट आवळलेल्या टायमिंगची रॅम पन्नाशी ओलांडल्यावर, साठीकडे जाताना चुका करू लागते. जानेवारीत पास झालेला पीसी मे महिन्यात नापास होण्याचं कारण हेच. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान पंधरा अंशांनी चढलं, तर रॅमही जवळपास तेवढीच चढते. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावून बघा. तेवढ्यानं क्रॅश थांबले, तर नवा पार्ट नव्हे, एक कॅबिनेट फॅन हवाय.

मेमटेस्टनंतर विंडोजमधली कडक परीक्षाही घ्यावी. टेस्टमेम५ मोफत आहे, कारहू पैसे देऊन मिळतं, आणि वाय-क्रंचर व प्राइम९५ प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरलाही घाम फोडतात. दोन वेगळ्या चाचण्या काही तास पास झाल्याशिवाय पीसीला बरं झालं म्हणू नये.

आणि सगळं करूनही मूळ वेगाला, एकेका स्टिकवर, मेमटेस्ट स्वच्छ पास होत असेल, तर रॅमला सोडून द्यावं. २०२३-२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज येई. कित्येकांनी ग्राफिक्स कार्ड बदललं, कित्येकांनी रॅम. दोष प्रोसेसरमध्येच होता. प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजनं तो आतून झिजत होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर त्याचं बिल शोधून ठेवा.

रॅम स्थिर झाल्यावर एक काम राहतं. डळमळीत दिवसांत विंडोजच्या ज्या फाइली बिघडल्या असतील, त्या आपोआप सुधारत नाहीत. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिस्म आणि मग एसएफसी स्कॅन चालवायचा, दुरुस्ती जमली नाही तर विंडोज नव्यानं टाकायचं. त्या काळात कॉपी केलेले फोटो आणि फाइली बाजूला ठेवलेल्या जुन्या बॅकअपशी ताडून बघायच्या. शेवटी बायोसच्या ज्या पानावर सगळं जमलं, त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा. पुढचा बायोस अपडेट या सगळ्या सेटिंग पुसून टाकणार आहे.